‘मेलं’ नावाचं घर

— हो, मीच लिहिलंय ते. माझंच अक्षर आहे, जाड मार्करनं, शेवटच्या बाकावरून दिसावं म्हणून — ‘मेलं’. वाचलंत? झालं समाधान? आता तुम्ही म्हणणार, बाई, लहान मुलांच्या खेळात हे असलं घर कशाला. म्हणा ना. तुमच्या आधी येऊन गेलेत लोक. एक आजोबा आले, म्हणाले अशुभ आहे. एक आई आली, म्हणाली आमचा मुलगा तेव्हापासून दिवा लावून झोपतो. हेडसर तर येता-जाता दारातून मान आत घालतात, कासवासारखी, आणि म्हणतात, ‘बाई, त्या घराचं नाव बदलता येईल का, जरा सौम्य काहीतरी?’ सौम्य! काय लिहू — ‘तब्येत बरी नाही’? — अहो, त्या स्टुलावर नका बसू, पाय मोडलाय त्याचा. आणि पिशवी टेबलावर नको, गोंद ओला आहे अजून. हातात धरा नाहीतर खाली ठेवा, मला काय त्याचं.

कोणाच्या पालक म्हणालात? — अच्छा. म्हणजे तुम्ही त्या. मुंगीच्या घरून. इथे आम्ही तिला मुंगी म्हणतो — आवाज नाही, गडबड नाही, पण काम बघावं तर अंगापेक्षा मोठं. घरी काय म्हणता ते सांगू नका, मला नाही ऐकायचं. आणि तुम्ही तिच्या — काय म्हणायचं बरं? सावत्र म्हटलं की लोकांना झोंबतं. नवीन आई म्हटलं तर दुकानातून आणल्यासारखं वाटतं. तिच्या वडिलांची बायको — हे बरं आहे, यात कोणाचंच काही चुकत नाही. ते नाही आले? नाहीच येणार. लिफ्ट दुरुस्त करतात ना? जगाच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवतील, पण पोरीच्या शाळेच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की तिथे घोडं पेंड खातं. एकदा आले होते, निकालाच्या दिवशी, तिची आई गेल्यानंतर. मी म्हटलं, पोर फार गप्प झालीय, घरी आईबद्दल बोलता का काही? तर म्हणतात, ‘विषयच काढत नाही आम्ही. फोटोही कपाटात ठेवलाय. तेवढंच विसरायला बरं.’ आणि वर्ष उलटायच्या आत तुम्ही. — नाही, मी कुठे काय म्हणतेय? मला काय म्हणायचंय? चष्म्याच्या दुकानात असता ना तुम्ही? लांबचं दिसतंय का, जवळचं दिसतंय का, विचारता ना लोकांना दिवसभर? मग घरात विचारायचं कोणी?

तर खेळाबद्दल आला आहात. ऐका मग, पूर्ण ऐका, आलाच आहात तर. नायट्रोजनचं चक्र मी या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय की फळ्यानं तोंड फिरवावं. पुस्तकात ती आकृती आहे — ढग, झाड, गाय, आणि सगळीकडे बाण, बाणच बाण, शिकाऱ्यानं चुकून धड्यावरच हल्ला केल्यासारखे. मुलं पाठ करतात. परीक्षेत आकृती झकास काढतात, बाणांना रंगसुद्धा देतात. आणि आठवड्यानं विचारलं, अरे, या हवेत सगळ्यांत जास्त काय आहे, तर छाती फुगवून सांगतात — ऑक्सिजन! पालथ्या घड्यावर पाणी. हवेचे पाच वाटे केले तर जवळजवळ चार वाटे नायट्रोजन, आपण रात्रंदिवस त्यात बुडालेलो, नाकातून आत घेतो, तसाच बाहेर सोडतो, उपयोग शून्य — कारण त्याचे दोन-दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की कोणाच्या हाताला लागत नाहीत. पाण्यात उभं राहून तहानलेलं मरायचं, तसं. हे त्यांना अंगाला लागावं म्हणून केला मी खेळ. हौस म्हणून नाही केला. चिडून केला.

हा पट बघताय ना, हे जुन्या कपाटाचं दार आहे. भंगारात निघालं होतं, मी शिपायाला म्हटलं, थांब, तेवढं दार काढून दे. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं. प्रत्येक मूल एक अणू. सुरुवात सगळ्यांची हवेत. तिथून जमिनीत, जमिनीत जिवाणू आहेत, ते अमोनियाचं नायट्रेट करतात, मग मुळात, पानात, पान गाईनं खाल्लं की गाईत, तिथून शेणात, पुन्हा मातीत — किंवा गाय मेली की या घरात. आणि चिखलात अडकलात तर तिथले वेगळे जिवाणू तुम्हाला उचलून परत हवेत फेकणार, की बसा पुन्हा पहिल्यापासून. गाय चित्रकलेच्या सरांनी काढली. शिंगं फुटलेली सुटकेस दिसत होती ती. हेडसरांनी पट बघितला, पाच मिनिटं गाईकडे बघितलं, आणि विचारलं काय? — ‘बाई, यात जिंकतो कोण?’ म्हटलं, कोणी नाही. चक्र आहे, शर्यत नाही. जो जास्तीत जास्त घरं फिरून येईल त्याच्या कार्डावर जास्त शिक्के, आणि घंटा झाली की संपलं. तर म्हणतात, ‘मग मुलं खेळतील कशाला?’ म्हटलं, सर, आपण सगळे काय जिंकायला चाललोय?

आणि तुमच्या मुंगीनं — असू दे, मुंगीनं — पहिल्याच दिवशी माझी चूक काढली. बाकीचे नुसते बटणं पळवत होते. ही येऊन कानाशी म्हणते, ‘बाई, फाशावर एक पडला तरी हवेतून सुटता येतं, हे चूक आहे. सगळे असे पटापट सुटले तर हवेत एवढा नायट्रोजन उरेल कशाला?’ आता बोला! मी एवढी बी.एस्सी., बी.एड. होऊन बसलेय. तेव्हा तिनं नियम केला — दोन्ही फाशांवर सहा पडले तर वीज कडाडली, तर सुटका. नाहीतर गठ्ठ्यातून गाठीचा पत्ता हातात आला तर. गाठ म्हणजे वाटाणा, घेवडा, यांच्या मुळांना बारीक गाठी येतात, त्यांत जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. बाकी कोणाला जमत नाही ते. झालं, त्यानंतर अर्धा वर्ग अर्धा तास हवेतच. तोंडं एवढीशी. एकजण रडला, की मला एकदा तरी गाय होऊ द्या. तेव्हा मला कळलं, आता हे विसरणार नाहीत. — आणि ‘मेलं’ हेही तिनंच सांगितलं मला, ऐकायचंय ना तुम्हाला? मी तिथे ‘विघटन’ लिहिलं होतं. ती म्हणाली, ‘बाई, विघटन कोणाला कळणार? मेलं लिहा ना.’ लिहिलं मी, तिथल्या तिथे. तिला म्हणता आलं, तर मला लिहिता येऊ नये?

मग तो दिवस. त्याचंच गाऱ्हाणं घेऊन आलात ना? ऐका. मागच्या बाकावर एक आहे, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, झोपेतसुद्धा चालू असेल. त्याचं बटण ‘मेलं’वर गेलं. तर हा लागला सोंगं करायला — डोळे फिरव, जीभ बाहेर काढ, बाकावर आडवा पड. सगळे खिदळले. मुंगी म्हणाली, अगदी साध्या आवाजात, ‘ऊठ रे. पुढच्या डावात अमोनिया होशील, मग नायट्रेट, मग मुळात जाशील. मेलास म्हणून काय झालं.’ आणि त्या रेडिओच्या तोंडाला कुठली आलीय कडी — म्हणाला, ‘मग तुझी आई कुठल्या झाडात गेली?’

मी खडू टाकून त्याच्या बाकाकडे निघाले. आणि मुंगी काय म्हणाली माहितेय? न रडता, गणिताचं उत्तर सांगावं तशी — ‘झाडात नाही. तिला पुरलं नाही, जाळलं. म्हणजे ती हवेत गेली. हवेतून सुटायला वेळ लागतो.’ आणि फासे पुढच्याच्या हातात दिले.

बघता काय माझ्याकडे? त्या मुलाचे कान उपटले मी, काळजी नको. पण मला सांगा, तुमच्या घरात, त्या कपाटाच्या घरात, कोणी एवढं एक वाक्य बोललंय का तिच्यासमोर — की तुझी आई मेली, तिला जाळलं? इथे बोलली ती. माझ्या खेळात बोलली. आणि तुम्ही मला सांगायला आलात की घराचं नाव बदला! — नाही आलात? त्यासाठी नाही? मग कशासाठी? थांबा, मला पुरं करू द्या.

शाळा सुटल्यावर ती थांबली. बटणं डब्यात भरत होती, रंग वेगळे करून. म्हणाली, ‘बाई, मी म्हटलं ते बरोबर होतं ना?’ विज्ञानाच्या बाईंना विचारतेय पोर, बरोबर की चूक. मी काय सांगायचं होतं? देवाघरी गेली? तारा झाली? ते सांगायला सगळं गाव आहे. मी म्हटलं, बरोबर आहे, जळल्यावर बहुतेक नायट्रोजन हवेतच जातो. तर म्हणाली, ‘मग परत खाली कशी येईल?’ — कशी, म्हणाली हो ती. नायट्रोजन कसा येईल, असं नाही. कशी येईल. मला कळलं, न कळायला मी काय दगड आहे? तिथल्या तिथे सुधारायला हवं होतं. एरवी वहीत वेलांटी चुकली तर लाल गोल करणारी मी. नाही सुधारलं. मी म्हटलं, विजेनं येते. नाहीतर वाटाण्याच्या गाठी ओढून घेतात हवेतून आणि धरून ठेवतात. — येते, म्हटलं मीसुद्धा. पण यात खोटं काय? एक अक्षर खोटं दाखवा मला, मी राजीनामा देते.

काय? — खिडक्या? ठेवत असेल उघड्या. रात्री वारं येतं म्हणून कोणी मेलं नाही अजून, स्वेटर घाला. — तिला ओरडला नाहीत? तुम्हीही उघड्या ठेवून झोपता? मग मला कशाला सांगताय?

— कुंड्या? कुठल्या कुंड्या? गॅलरीत झाडं लावली तर त्याचा माझ्याशी काय — तेलाचे डबे आहेत का, वरून कापलेले? हं. दिले मी. बियाही मीच दिल्या आणि माती शाळेमागच्या वाफ्यातली दिली, विकतच्या मातीत ते जिवाणू असतीलच असं नाही, गाठी धरायला नकोत का? त्यात एवढं काय आहे? प्रयोग म्हणतात त्याला. घरी सांगू नकोस म्हटलं होतं मी तिला, सांगितलं वाटतं — म्हणजे, तसं नव्हतं म्हटलं. म्हटलं होतं, उगाच कोणाकोणाला सांगत बसू नकोस, लोक हसतात. कोणाकोणाला म्हणजे तुम्हालाच असं नाही. — तिनं नाही सांगितलं? मीच आत्ता सांगितलं. बरं. असू दे.

तुम्ही पाणी घालत होता? तुम्ही? ती शाळेत असताना? — मला वाटलं तीच घालते सकाळी. ती म्हणायची, बाई, माती कोरडी पडतच नाही, जादू आहे. जादू! मी तिला बाष्पीभवन समजावत बसले तासभर. — तिला माहीत नाही का हे? सांगायचं होतं की. सांगायचं नसतं कशाला? अजब आहात.

आणि हे बघा, रोज उशिरा घरी येते, असं म्हणणार असाल तर तेही ऐकून ठेवा. खेळ काय असाच होतो? काम असतं. गाय परत रंगवायची होती. — कोणी पुसली म्हणजे? मीच पुसली. सुटकेस दिसत होती, सांगितलं ना. — तिनं काढलेली? तीही पुसली. चांगली होती, पण खुरं चुकली होती. मग नदी. आधी निळी होती, मग मी म्हटलं, शेतातलं खत वाहून येतं, शेवाळ माजतं, मासे मरतात, ते दाखवायला हिरवी करू. मग वाटलं निळीच बरी. वाटतं माणसाला. ती ब्रश धुते, मी या बर्नरवर चहा ठेवते — ते हेडसरांना सांगू नका — आणि दोघी बसतो. बोलत नाही फारसं. ती रंगवते, मी बघते. सगळ्यांनी सारखं बोललंच पाहिजे का? घरी जाऊन तरी मला कोण बोलायला बसलंय? आमचे यजमान निवृत्त झाल्यापासून बुद्धिबळाचा पट मांडून बसतात, एकटेच, दोन्ही बाजूंनी खेळतात, आणि हरले की जेवताना तोंड पाडतात. आमच्याकडे बोलतो तो फक्त फ्रिज. मूल असतं तर — ते कशाला निघालं? विषय तुमचा चाललाय, माझा नाही.

अहो, आणि ती पिशवी काय मघापासून छातीशी धरून उभ्या आहात? सोनं आहे का त्यात? काढा बाहेर. ठेवा, ठेवा इथेच, गोंद वाळला असेल.

ही — ही वाटाण्याची वेल आहे. तिचीच? मुळासकट. फूल धरलं होतं हिनं, हे बघा, पांढरं — उपटलीत? तुम्ही उपटलीत! आणि पिशवीत घालून मला दाखवायला आणलीत, की बाई, हे असले उद्योग आमच्या घरी चालायचे नाहीत! गॅलरी घाण होते, हो ना? टाइल्सना डाग पडतात? तुम्हाला काय वाटतं, एक झुडूप आहे, दुसरं येईल? अहो, ती पोर या वेलीशी रोज सकाळी बोलत होती. मला सांगितलंय तिनं, मला, तुम्हाला नाही. फोटो कपाटात आणि वेल केरात — एवढं एकच उरलं होतं तिच्याजवळ, तेही बघवलं नाही तुम्हाला? पाणी घालत होता म्हणे! ज्या हातानं पाणी घातलं त्याच हातानं — माणूस आहात की कोण? जीभ हलत नाही का तुमची? बोला ना काहीतरी, मघापासून नुसत्या —

काय?

नाही. ती कशाला उपटेल? खोटं बोलू नका. तिनं स्वतः — कशानं? ब्लेडनं? कसलं ब्लेड, लाकडी मुठीचं, छोटं? — ते इथलं आहे. पुठ्ठा कापायला दिलं होतं मी.

गाठ कापली. ‘आली का बघायला.’ असं म्हणाली? असंच? — आणि?

लाल.

आतून लाल होती.

थांबा. जरा थांबा. बसते मी. — ते स्टूल मोडकं आहे, माहितेय मला, बसू दे.

काल संध्याकाळी? आणि तेव्हापासून हात धूत बसली? बाथरूमची कडी लावून. ‘मी कापलं तिला.’ — हे किती वेळा म्हणाली? नको, सांगू नका. मला तो रेडिओ सकाळी म्हणाला की तिचं पोट दुखतंय म्हणून आली नाही. मी हजेरीत गैरहजर लिहून पुढचं नाव घेतलं.

हे बघा, ऐका नीट. रक्त नाही ते. हे पहिलं. जी गाठ नीट काम करते ना, ती आतून अशीच लालसर असते, गुलाबी. कापून दाखवते तुम्हाला, ही दुसरी — बघा. बघितलंत? प्रत्येक चांगली गाठ अशीच. हिरवी पडली किंवा मळकट निघाली तर समजायचं, बंद पडली. लाल म्हणजे चालू होती, हवेतून ओढून घेत होती, बरोबर वाढवली होती पोरीनं. आपल्या रक्तात जे लाल असतं ना, त्याच्या जवळचंच काहीतरी असतं यात, चुलत भाऊ म्हणा — नाही, चुलत भाऊ म्हणू नका. ते तिला सांगू नका, त्यानं आणखी घोळ होईल. हे मी दाखवणारच होते तिला. भिंगाखाली ठेवून, माझ्या हातानं कापून. राखून ठेवलं होतं, म्हटलं काहीतरी उरायला हवं ना पुढे दाखवायला, सगळं एकदम दाखवलं तर मग ती — मग खेळाचं निमित्तही — जाऊ दे.

आता तुम्ही म्हणून दाखवा. काय सांगाल तिला? — हं. रक्त नाही, बरोबर. प्रत्येक गाठीत असतं, बरोबर. लाल म्हणजे चांगली वाढली होती. तू चुकीचं काही केलं नाहीस. हो, हेही सांगा, हे मी विसरले होते. पुढे? — काय म्हणालात?

‘आई त्यात नव्हतीच.’

हे मी नाही सांगितलं तुम्हाला. हे तुम्ही तुमच्या मनाचं जोडलंत.

नाही, बरोबर आहे. नव्हती. नायट्रोजन होता. सगळ्या जगाचा मिसळलेला, तुमचा, माझा, त्या रेडिओचा, कुठल्या कुठल्या मेलेल्या गाईंचा. त्यात कोणी आई नसते. मला काय माहीत नाही का? मी शिकवते हे. पण तुम्हीच सांगा, ती अशी मान वर करून बघते आणि म्हणते ‘कशी येईल’, तेव्हा — तुम्ही सांगितलं असतं? असतं? लगेच? तुम्हाला रडू आलं असतं तरी?

... बरं. मग ते तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून बरं जाईल. माझ्या तोंडून तिनं एकदा ऐकलंय.

नाही, मीच येते. पर्स कुठेय माझी — रिकामा तास नसला तर नसला, हेडसर बघतील, गाईकडे बघत बसतील. चला. मी बोलते तिच्याशी, दाराबाहेरून बोलले तरी उघडेल ती, माझा आवाज ओळखते. — नको? नको म्हणजे? कोण म्हणतं नको? ती म्हणाली? मला नका बोलावू म्हणाली?

दार उघडलंय? कोणाला? कडी लावली होती ना — तुम्हाला? पहाटे? तुम्ही बाहेर फरशीवर बसून होता, आणि उघडलं तिनं. — आणि मग? झोपली? कुठे? — नको. नका सांगू, मला काय करायचंय तिचं डोकं कोणाच्या मांडीवर होतं ते ऐकून. तिचे वडील? तेही बसले? फोटो काढला त्यांनी? कपाटातून? हं. काढला शेवटी. बरं झालं. लिफ्ट आली म्हणायची.

म्हणजे तुम्ही भांडायला आलाच नव्हता. लाल कशानं होतं, एवढंच विचारायला आलात. दुकानातून सुट्टी काढून. आणि मी मघापासून — तुम्ही थांबवायचं होतंत मला. आल्या आल्या सांगायचं. तोंडात मूग गिळून उभ्या राहता आणि समोरच्याला बोलू देता, ही कसली पद्धत? माझी चूक नाही ती.

नाही, पाणी नको मला. ही वेल घेऊन जाऊ नका, आता लागायची नाही ती परत. बिया आहेत माझ्याकडे — नको, त्याही नको. तिला हव्या असतील तर ती मागेल. मागितल्या तर द्या तुमच्या तुम्ही, बाजारात मिळतात. आणि पाणी तुम्ही घालता हे सांगा तिला. जादू-बिदू नसते. सांगायचं असतं ते.

आणि उद्यापासून शाळा सुटली की तिला सरळ घरी पाठवेन मी. तुमच्यासाठी नाही, काम संपलंय म्हणून. — आवडतं तिला, मला माहितेय आवडतं. थांबेल दारात, विचारेल, आज काय रंगवायचं. मी सांगेन, काही नाही, खेळ झालाय. — खोटं काय त्यात? झालाच आहे. केव्हाच झालाय.

आता आणखी काय? हात नका लावू मला. उभ्या काय राहिलात, जा ना. जाग आली असेल तिला, वाट बघत असेल. — माझी नाही हो. जा.